सीताफळाची उचल

बीड जिल्ह्यातल्या डोंगरातलं सीताफळ कुणी लावलं, असं आमच्याकडं कुणी विचारत नाही. डोंगराला दगड कुणी लावले असं विचारतं का कुणी? धारूर, अंबाजोगाई, पाटोदा, आष्टी, बीड, कुठल्याही बाजूनं बालाघाटात शिरा, मुरमाच्या उतारावर सीताफळीची झुडपं दिसणारच. पाणी नाही, खत नाही, राखण नाही. शेळी सगळं खाते, पण सीताफळीच्या पाल्याला तोंड लावत नाही. त्याचा वासच उग्र. बाकीचा झाडोरा शेळ्यांनी आणि सरपणाच्या कुऱ्हाडीनं संपवला, सीताफळ तेवढं राहिलं. कुऱ्हाडीनं बुडापासून तोडलं तरी पुढच्या पावसाळ्यात ते बुडातून फुटतं. उसाच्या खोडव्यासारखं.

दसऱ्याच्या आधीपासून बायका पहाटे डोंगरात जातात. डोळे उघडलेली फळं तेवढी बघून तोडायची, पाटीत पाला घालून रचायची आणि घाटाच्या रस्त्याला येऊन बसायचं. मांजरसुंब्याच्या घाटानं कुणी गेला असेल तर त्यानं ह्या पाट्या बघितल्या असतील. मोटारवाले काच खाली करून भाव करतात. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे सरकारदरबारी नोंद झाली की ही चव ह्याच मातीची. पाटीवाल्या बाईला त्यानं दोन रुपये जास्त मिळाले का, हा प्रश्न वेगळा.

तर हे आपलं म्हणतो ते झाड मुळात आपलं नाही. ते अमेरिका खंडातल्या उष्ण मुलखातलं. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतलं, त्यानंतर त्यांच्या जहाजांतून जी झाडंपेरं इकडं आली त्यातलंच हे एक, असं बहुतेक जाणकार मानतात. मिरची तिकडचीच. पेरू, पपई, अननस, मका, टमाटा तिकडचेच. एकादशीला आपण जे खातो त्यातले शेंगदाणे, बटाटा, रताळं सगळे समुद्रापलीकडचे, आणि साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंदही तिकडचा. आमच्या गावच्या एका महाराजांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग काय उपास सोडायचा का?" मी म्हणलं, सोडू नका, पण मिरचीला तरी परकी म्हणू नका.

सीताफळावर वादही झाला आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम हा इंग्रज अधिकारी, पुराण्या वास्तू शोधणारा. त्याला भरहुतच्या स्तूपावरच्या कोरीव कामात सीताफळासारखं फळ दिसलं. तो स्तूप इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा. १८७९ च्या आपल्या पुस्तकात त्यानं ते सीताफळच धरलं. तसं असेल तर पोर्तुगीज यायच्या दीड हजार वर्षांहून आधी ते इथं होतं म्हणायचं. पण दगडातल्या खवल्याखवल्यांच्या फळावरून झाड ओळखणं अवघड. ते फणसाचं असेल, नुसती नक्षी असेल. मला स्वतःला पोर्तुगीजांचंच म्हणणं पटतं. मात्र लोकांनी त्याला जी नावं दिली ती बघा. हे सीताफळ, त्याचा गुळगुळीत भाऊ तो रामफळ, आणि त्याच गोतातल्या आणखी फळांना कुणी लक्ष्मणफळ म्हणतं, कुणी हनुमानफळ. बाहेरून आलेल्या झाडाला आपल्या माणसांनी अख्खं रामायण बहाल केलं. वनवासात सीतामाईनं हे खाल्लं असं आमची आजी सांगायची, आणि मी दहावी शिकलेला असूनही तिला कधी खोडलं नाही.

गोव्याच्या किनाऱ्यावरून ते बालाघाटावर कसं चढलं? माझा अंदाज असा की ते माणसाच्या तोंडातून आलं. सीताफळ खायचं म्हणजे बी थुंकायचं, आणि एका फळात तीस-चाळीस बिया. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून दख्खनभर फिरायचे, फौजांना रसद पुरवायचे. धारूरचा किल्ला आदिलशाहीत १५६७ साली किश्वरखानानं बांधला. तिथून पुढं निजामशाही, मोगल, निजाम, किती फौजा ह्या डोंगरातून गेल्या. जिथं मुक्काम तिथं बी पडलं असणार. मग माकडं होती, पाखरं होती. आमचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाचा. त्याच राज्यातल्या, आता तेलंगणात गेलेल्या बालानगर गावाच्या नावानं सीताफळाची जात प्रसिद्ध झाली आणि महाराष्ट्रभर लागली. आता परभणीच्या कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र अंबाजोगाईला आहे, आणि धारूर-६ म्हणून आमच्या डोंगराच्या नावाची जातही निघाली.

आमच्या परसातलं झाड मात्र कुठल्या जातीचं नव्हतं. त्याचा जन्म बाहत्तरच्या दुष्काळातला. मी तेव्हा बारा वर्षांचा. माय दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची, रेशनला लाल मिलो मिळायचा, त्याची भाकरी थापताना तुटायची. १९७२ च्या दिवाळीच्या आसपास मायनं कामावरून येताना लुगड्याच्या ओच्यात सीताफळं आणली. बोराएवढी नाही पण लिंबाएवढी, पाण्यावाचून खुरटलेली. आम्ही तिघं भावंडं न्हाणीच्या मोरीवर बसून खाल्ली आणि बिया मोरीत थुंकल्या. पुढच्या पावसाळ्यात तिथं चार रोपं उगवली. तीन वासरानं तुडवली, एक राहिलं. न्हाणीचं पाणी पिऊन ते वाढलं.

पुढं आमचं घर उसाला जायला लागलं. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळी झाली की टोळी कारखान्यावर, आणि उन्हाळ्यात परत. नवरा-बायको मिळून एक कोयता. मी दहावीची परीक्षा दिली ती मामाच्या घरी राहून, १९७६ साली. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली त्याला तेव्हा एकच वर्ष झालं होतं. नंतर मीही कोयता धरला. बारा-तेरा हंगाम केले. त्या वर्षांत माझ्या ध्यानात आलं की सीताफळाचं वर्ष आणि ऊसतोड्याचं वर्ष एकच आहे. आम्ही निघायच्या आधी ते फळ देऊन मोकळं व्हायचं. वाटखर्चाला, पोरांच्या चपलांना तो पैसा यायचा. आम्ही गेल्यावर घराला कुलूप, पाणी घालायला कुणी नाही, तर हे पानं गाळून उभं राहायचं. चैत्र-वैशाखात आम्ही आलो की हे फुटलेलं असायचं. आंब्याला, पेरूला असं कुलूपबंद घर परवडत नाही. म्हणून ऊसतोड्यांच्या वस्तीवर सीताफळ, लिंब आणि बोर एवढीच झाडं जास्त दिसतात.

१९९० साली रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली, शंभर टक्के अनुदानाची. माझ्या वाट्याच्या माळावर मी त्यात बोर आणि सीताफळ लावलं, आणि कोयता सुटला. योजनांना नावं ठेवणं सोपं असतं. ह्या योजनेला मी ठेवणार नाही.

आता मूळ गोष्ट. आम्हा दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा पंचांनी शेत मोजलं, घर मोजलं आणि परसातली झाडंही मोजली. लिंब माझ्याकडं, सीताफळ धाकट्याकडं, आड सामाईक. माळवदाचं घर पडायला आलं होतं. २०१६ च्या पावसाळ्यानं चार वर्षांचा दुष्काळ धुऊन काढला. त्याच पावसात धाकट्याच्या बाजूची भिंत बसली. त्यानं सिमेंटचं घर बांधायचं ठरवलं, आणि पायाची आखणी केली तर सीताफळ बरोबर स्वयंपाकघरात.

मला झाड वाचवायचं होतं. धाकट्याला घर बांधायचं होतं, आणि त्याचंही चूक नव्हतं. सिमेंट-सळईचा भाव रोज वर, गवंडी आज आहे उद्या नाही. वाटणीपासून आमचं बोलणं कामापुरतंच. त्यात मधली अडचण भावजयीची होती. ती सरळ म्हणाली, "भावजी, झाड आमच्या वाट्याचं. तुमच्याकडं नेऊन लावलं तर फळं कुणाची?" माझ्या घरात ह्या बोलण्याचा राग आला. मला आला नाही. जिनं उसाच्या फडात बाळंतपणाच्या दीड महिन्यावर मोळ्या वाहिल्या, ती आपल्या वाट्याचं असं कसं सोडून देईल?

मायला विचारलं. तिची पंच्याहत्तरी उलटून गेलेली. मला वाटलं ती डोळ्यांत पाणी आणील. ती म्हणाली, "तोडा की. म्या काय लावलं व्हतं का त्ये? आपसूक आलं. लेकराचं घर व्हायलंय अन् झाडाचं काय घिऊन बसलास!" थोड्या वेळानं परत हाक मारली. म्हणाली, "हलवायचंच आसंल तर आडापशी हलव. तिथं कुणाचंच न्हाई. अन् पानं गळू दे आधी." असा तो निकाल झाला. धाकट्यानं पाया मृगापर्यंत थांबवला. माझ्यासाठी नव्हे, मायसाठी थांबवला.

मोठं झाड हलवणं हे जेसीबी आल्यापासूनचं काम आहे असं लोकांना वाटतं. तसं नाही. इजिप्तमध्ये हत्शेपसूत नावाची राणी होऊन गेली, साडेतीन हजार वर्षांपूर्वी. तिनं पुंत नावाच्या दूरदेशाहून धुपाची झाडं जहाजांतून आणवली. तिच्या देवळाच्या भिंतीवर ते चित्र कोरलेलं आहे, झाडं मुळांसकट टोपल्यात आणि टोपली बल्लीला अडकवून माणसांच्या खांद्यावर. फोटो बघितला तेव्हा मला आमच्या टोळीचीच माणसं वाटली. आपल्याकडं वराहमिहिरानं सहाव्या शतकात बृहत्संहितेत झाडांच्या औषधपाण्याचं एक प्रकरणच लिहिलं. त्यात झाड हलवायच्या वेळा दिल्या आहेत. फांद्या न फुटलेलं रोप शिशिरात, फांद्या फुटलेलं हेमंतात आणि चांगल्या खोडाचं झाड पावसाळ्याच्या तोंडाला. मुळापासून खोडापर्यंत तूप, वाळा, तीळ, मध, वावडिंग, दूध आणि शेण यांचा लेप द्यायचा नि मग हलवायचं. सुरपालाचा वृक्षायुर्वेद म्हणून आणखी एक ग्रंथ आहे. त्याची पोथी ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात होती. नलिनी साधले यांनी तिचं इंग्रजी भाषांतर केलं, ते १९९६ साली सिकंदराबादेतून छापलं गेलं. आपल्या मातीतली विद्या विलायतेला जाऊन परत आली. तूप-मध झाडाला लावायची आमची ऐपत नाही आणि खरं तर गरजही नाही. पण शेण आणि वेळ ह्या दोन गोष्टी वराहमिहिराच्या मी जशाच्या तशा घेतल्या.

वड-पिंपळ-उंबराची गोष्ट सोपी. त्यांची फांदी रोवली तरी जगते. सीताफळाचं तसं नाही. रोप असतं तेव्हा त्याला सोटमूळ असतं आणि ते तुटलं की रोप रुसतं. म्हणून रोपं पिशवीतच वाढवावीत. डोंगरातलं रोप उपटून आणलेलं दहातलं एखादं लागतं. आमचं तर चव्वेचाळीस वर्षांचं. मुरमात वाढलेल्या मोठ्या झाडाची मुळं खाली कमी आणि दगडांच्या फटींतून आडवी जास्त पळतात. ती सगळी एकाच दिवशी तोडली तर झाडाला पाणी ओढायला काही उरत नाही. त्यासाठी आधीच टप्प्याटप्प्यानं तोडायची, म्हणजे कापल्या जागेपाशी बारीक केसमुळं फुटतात. झाड जगतं ते ह्या केसमुळांवर, जाड मुळांवर नव्हे.

२०१७ च्या पौषात बुंध्यापासून दोन-दोन फूट सोडून अर्ध्या बाजूनं चर खोदला. टिकाव लागत नव्हता, पहार घ्यावी लागली. आडवी मुळं करवतीनं सरळ कापली. कुऱ्हाडीनं मूळ चिंबतं आणि सडतं. चरात पोयटा आणि कुजलेलं शेणखत भरलं, आठ दिवसांला दोन घागरी पाणी. फाल्गुनात पानं पूर्ण गळाली तेव्हा उरलेल्या अर्ध्या बाजूचा चर. त्याच दिवशी झाड गुडघ्याएवढं ठेवून वरचं सगळं उतरवलं. कापाला शेण-मातीचा काला. परसात एकदम उजेड पडला. शेजारचा म्हातारा बघून गेला आणि म्हणाला, "ह्येचं सरपान करा, कामून हाल करायले?"

वैशाखात त्या थोट्या बुंध्यालाही कोंब आले. मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी काम धरलं. आदल्या रात्री आणखी पाणी सोडलं होतं, म्हणजे मुळाभोवतीची माती धरून राहील. आडापाशी खड्डा महिनाभर आधीच तापत ठेवला होता. उगवतीकडच्या बाजूला खोडावर चिंधी बांधली, नव्या जागीही ती बाजू उगवतीलाच यावी म्हणून. जुनी माणसं असं करतात, आणि उन्हाची सवय नसलेली साल मावळतीला आली तर भाजते हे तर दिसतंच. खालून पोखरत गेलो, गोणपाट गुंडाळलं, सुतळीनं आवळलं. चार फुटांचा मुळाचा गड्डा, त्यात दगड. सहा माणसांना हलला नाही. मग धाकट्यानं आपल्या छपराचा जुना पत्रा आणला. पहारींनी तोलून गड्डा पत्र्यावर घेतला, पत्र्याला नाडा बांधून बैलजोडी लावली. अंतर म्हणाल तर पस्तीस-चाळीस फूट. त्याला दुपार लागली. मध्येच एका बाजूची माती खळकन गळून पडली आणि मुळं उघडी पडली. धाकटा काही बोलला नाही, डोक्याचं उपरणं काढून भिजवलं आणि त्यावर टाकलं.

लावल्यावर आलेले कोंब आठवड्यात काळे पडले. तुराट्यांचा आडोसा केला, बुडाला पाचट अंथरलं. आषाढ गेला. मी नखानं साल खरवडून बघायचो, खाली हिरवं आहे का. एका बाजूला हिरवं, माती गळाली त्या बाजूला तांबूस. श्रावण सरता सरता हिरव्या बाजूला तीन कोंब आले. दुसरी बाजू वाळलीच. ती पुढं कापून टाकली.

खरी परीक्षा झाली २०१८ च्या दुष्काळात आणि २०१९ च्या उन्हाळ्यात. आड तळाला गेला, गावात टँकर. टँकरचं पाणी झाडाला घालतो म्हणायची सोय नव्हती, आणि घालूही नये. दोन्ही घरांतल्या बायकांनी भांडी घासलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी तिथं ओतलं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या वर्षी परतीच्या पावसानंतर झाडाला सात फळं धरली. मायनं एक खाल्लं नि म्हणाली, "बिया लई झाल्यात." पुढच्या वर्षी ती गेली.

तिकडं बीडजवळ पालवणच्या उजाड डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे आणि लेखक अरविंद जगताप ह्या मंडळींनी वनखात्याच्या मदतीनं देवराई उभी केली. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथं वृक्षसंमेलन झालं. अध्यक्ष होता वड. मी गेलो होतो. रस्त्यात येणारी जुनी झाडं यंत्रानं उचलून दुसरीकडं लावायच्या गोष्टी तिथं चालल्या होत्या. ऐकताना मला माजलगाव धरणात गेलेल्या गावांची आठवण आली. त्या वेळी माणसांना दुसरीकडं गावठाण मिळालं. परसातली झाडं मोजून कागदावर आली, त्यांचे पैसे मिळाले आणि झाडं पाण्याखाली गेली. उचलून न्यायचं तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं, आणि माणसांचंच सामान जिथं धड हललं नाही तिथं झाडाचं कोण बघतो.

आता नव्या बागा सगळ्या बार्शीकडच्या गोल्डनच्या. गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी काढलेली ती जात, फळ मोठं, बिया कमी, झाडावरून काढल्यावर टिकतंही जास्त. पुण्या-मुंबईच्या बाजाराला तेच लागतं. माझ्या पोरानंही तेच लावलंय आणि बरोबर केलंय. गावरान सीताफळ तिसऱ्या दिवशी फुटतं, ते पेटीतून लांब जात नाही. पण जिभेवर ठेवून बघा, मग बोलू.

आडापाशी एकाच बाजूनं फुटलेलं ते झाड आता डोक्याच्या वर गेलंय, थोडं कलतं. मागच्या वर्षी ऐंशीच्या वर फळं निघाली. निम्मी तिकडं, निम्मी इकडं. मोजायला भावजय स्वतः येते. विषम निघालं तर वरचं एक आडाच्या कठड्यावर ठेवते, ते मग ज्याच्या नातवंडाला आधी दिसेल त्याचं.